बाबांचं पाणी

दादा,

बाबांना दवाखान्यात ठेवलंय. त्यांचे कपडे न्यायला घरी आले, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

दुपारी मी इथे भेटायला आले तेव्हा ते बंद खोलीत निपचित पडले होते. हाताला चटका बसावा इतकं अंग तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंग तापलं की शरीर घाम काढून स्वतःला थंड ठेवतं. पोटात पाणीच नसेल तर घाम येणार कुठून? या वयात तहानही कळत नाही, आठवणीने पाजावं लागतं."

मी खाली मान घालून ऐकलं. अंथरूण ओलं होतं म्हणून तू जेवणानंतर बाबांचा पाण्याचा तांब्या उचलून ठेवतोस, हे डॉक्टरीणबाईंना कोणत्या तोंडाने सांगू? मागच्या खेपेला तूच मला हसत सांगितलं होतंस.

सलाईन लावल्यावर बाबांनी डोळे उघडले आणि आधी तुझी चौकशी केली. मग म्हणाले, "त्याला बोलू नकोस काही. मीच पाणी नको म्हणायचो." लहानपणी खोटं बोललं की आपल्याला उपाशी ठेवणारा माणूस तुझ्यासाठी खोटं बोलला.

तिथून त्यांना माझ्याकडे नेणार आहे. भेटायला ये, त्यांना बरं वाटेल. माझ्याशी मात्र बोलू नकोस.