पान नऊवरचा फोटो

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अनुदान मंजूर झालं! तीन वर्षं सरकारी खात्याच्या पायऱ्या झिजवल्या, पण आपलं केंद्र आता बंद पडत नाही. घरची माणसं कामावर गेली की दिवसभर एकटे पडणारे एकतीस म्हातारे-म्हाताऱ्या इथे निर्धास्त बसतील.

काल त्याचा समारंभ झाला. खात्याचे मोठे साहेब आले होते. आपल्यासारख्या संस्थांवर त्यांनी एक पुस्तिका काढली आहे. तिच्या पान नऊवर आपल्या शिंपीकाकांचा फोटो आहे आणि खाली तू अर्जात लिहिलेला मजकूर जसाच्या तसा. साहेबांनी तो मोठ्यानं वाचला तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. शिंपीकाका पुढेच चाकाच्या खुर्चीत होते. अर्धांगानं वाचा गेली, पण चांगला हात खुर्चीवर इतका आपटत होते की आम्हीही टाळ्या सुरू केल्या, नि मग थांबेचनात.

सगळं तुझ्या लेखणीचं यश. तीस वर्षं अनुदानाच्या समितीत बसून लोकांचे अर्ज नामंजूर केलेस, तेव्हा कुलूप कशानं उघडतं हे तुला नाही तर कुणाला कळणार? एकच वाक्य सलतं. मुलीनं त्यांना टाकलं, असं तू लिहिलंस आणि मी खाली सही केली. ती तर रोज सकाळी आणून सोडते, संध्याकाळी नेते. पण असली पुस्तिका वाचतं कोण, म्हणा!

वहिनीला नमस्कार. माया अशीच ठेव.

तुझी,
चिऊ

११ फेब्रुवारी

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी दोनदा हसली, माझी स्तुती ऐकून की माझी खोड कळून, ते विचारलं नाही. त्या वाक्याचं मनाला लावून घेऊ नकोस. समितीपुढे दोनशे अर्ज असतात. डोळ्यांत पाणी न आणणारा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जातो. थोडं तिखटमीठ लावलं, कुणाचं काय गेलं? एकतीस जणांचं भलं झालं. तब्येतीला जप, आणि वेळेवर जेवत जा.

तुझा,
दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कुणाचं काय गेलं, ते ऐक.

शिंपीकाका नऊ दिवस आले नाहीत. सर्दीपडसं असेल म्हणून काल मी त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, एकच खोली. मुलगी इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी इस्त्री करते. ती पुस्तिका तिथे कुणीतरी आणली. पाच-सहा जणींनी मिळून वाचली आणि तिला विचारलं, की असा बाप टाकवला तरी कसा. तेव्हापासून ती रजेवर आहे. सोमवारपर्यंत गेली नाही तर नोकरी जाईल. पण त्यांना पुन्हा आमच्या हाती द्यायला तिचं मन घेत नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. समारंभात काकांनीही टाळ्या वाजवल्या असं मी सांगितलं, तर अगदी हळू आवाजात म्हणाली, की बाबा टाळ्या वाजवत नव्हते. त्यांना नाही म्हणायचं असलं की ते हात आपटतात. लेकीवर चारचौघांत आळ घेतला जात होता आणि ते जिवाच्या आकांतानं नाही, नाही म्हणत होते.

दादा, आणि आम्ही टाळ्या पिटल्या. तो आवाज माझ्या कानातून जात नाही. आरशासमोर उभं राहवत नाही.

मजकूर खोटा आहे, असं मी खात्याला लिहिते आहे. अनुदान जाईल, एकतीस जण उघड्यावर येतील, हे सगळं तू म्हणशील. मला माहीत आहे. लेखणी तुझी होती, पण सही माझी आहे.

चिऊ

३ मार्च

चि. चिऊस,
आशीर्वाद देण्याइतकं तोंड राहिलेलं नाही, तरी देतो.

तुला खडसावणारी दोन पत्रं लिहिली आणि फाडली. मग एक जुना अर्ज आठवला. अंध माणसांच्या एका मंडळाचा, चार ओळींचा. आम्हाला एक खोली हवी, आम्ही एकत्र वेत विणतो, एवढंच लिहिलं होतं. रडगाणं नाही म्हणून मीच तो तळाशी सरकवला. असे किती, कोण जाणे. खरं बोलणाऱ्यांना मी शिकवत आलो की खोटं बोला.

मजकूर माझा होता असं खात्याला कळवलं आहे. मंगळवारी तुमच्या गावी येऊन तो जिनाही चढलो. मी कोण ते कळल्यावर मुलीनं बसा म्हटलं नाही, पण आत घेतलं. माफी मागू लागलो तर म्हणाली, मला नको, त्यांना सांगा. मी त्यांच्यासमोर उभा राहून सांगितलं, की तुमच्या लेकीनं तुम्हाला कधीच टाकलं नाही, ते मी मनचं लिहिलं. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला, तर त्यांनी आपला हात पांघरुणाखाली ओढून घेतला. मुलगी म्हणाली, की त्यांनी ऐकलं आहे, आता तुम्ही जा.

तुझ्या गावात येऊन तुझ्या दारात आलो नाही. धीर झाला नाही गं.

दादा

२२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खात्याचं उत्तर आलं. फेरतपासणी होईपर्यंत पुढचा हप्ता रोखला आहे, आणि शिल्लक प्रतींमधून पान नऊ काढणार आहेत. इस्पितळात जाऊन खुलासा मी स्वतः वाचून दाखवला. इस्त्री कुणी थांबवली नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. एक खोली बंद केली, नर्सबाई आता दोनच दिवस येतात. बाकीचं मी बघते. कंबर मोडते, पण झोप लागते.

मुलीला रजा वाढवून मिळाली, नोकरी राहिली. गेल्या सोमवारपासून ती शिंपीकाकांना आणून सोडते. पहिल्याच दिवशी फाटकात बजावलं, की माफ केलेलं नाही, दुसरीकडे सोय नाही म्हणून आणते. मी बरं म्हटलं आणि खुर्ची हातात घेतली.

फेरतपासणीसाठी प्रत्येकाची कौटुंबिक परिस्थिती नव्यानं लिहून मागितली आहे. काकांच्या कागदावर लेखणी टेकवायची माझी छाती झाली नाही. तो तिच्यापुढे धरला. तिला कामावर पोचायची घाई होती. कागद भिंतीला लावून उभ्या उभ्या तिनं लिहिलं: वडील शिंपी होते. मुलगी सांभाळते. मग मला विचारलं, एवढं पुरेल का.

मी पुरेल म्हटलं. साहेबांना पुरेल की नाही, देव जाणे. कागद तसाच पाठवला आहे.

पुढच्या खेपेला जिना चढलास तर माझाही चढ. रागावले आहेच, पण भाऊ तूच आहेस.

तुझी,
चिऊ