घर क्रमांक तीन

सिडको, छत्रपती संभाजीनगर

प्रिय सावनी,

फोन करायचा सोडून आई पत्र का लिहीत बसली, म्हणून तुला हसू येईल. पण हा विषय काढला की तुझं लगेच लेक्चर सुरू होतं आणि फोन बंद होतो. मेसेज करावा, तर या उन्हाळ्यात तू मला इतकं घाबरवून ठेवलं आहेस की ‘येताना दूध आण’ लिहितानासुद्धा वाटतं, हे आता कुठल्या देशातल्या कुठल्या यंत्रात जाऊन पडणार! त्यापेक्षा कागद बरा. तो पुण्याला तुझ्या हॉस्टेलवर येईल आणि तू एकटी वाचशील. मधेच सोडू नकोस एवढंच.

इकडे ठीक आहे. नळाचं पाणी नेहमीसारखं त्याच्या लहरीनं येतं. बँकेत नवीन साहेब आले आहेत, ते सगळ्यांना ‘मॅडमजी’ म्हणतात आणि कुणाचीच रजा मंजूर करत नाहीत. आपल्या घरकामाच्या आवडाबाई पाचोडला बाजाराच्या दिवशी जाऊन आल्या. आजींसाठी त्यांनी गावरान शेंगा आणल्या होत्या, भाजून कूट करून दिल्या. आजींनी दोन घास खाल्ले आणि ताटली बाजूला सारली. आजींचं हल्ली सगळंच असं झालं आहे. त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे, पण जरा मागून यावं लागेल.

तुझा तो उन्हाळ्यातला प्रकल्प मला मनापासून आवडला होता, हे आधी सांगते. मे महिन्यात बाकीची मुलं कुलरसमोर लोळत होती आणि तू स्कूटीवरून भर उन्हात इथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जात होतीस. इंटरनेटला जोडलेली घरातली उपकरणं गुपचूप काय काय बाहेर पाठवतात, ते शोधायचं होतं. नमुन्यासाठी घरं हवी होती, म्हणून तू आपलंही घर घेतलंस. किती शिस्तीत सगळं केलंस! माझी सही घेतलीस, आवडाबाईंना वाचून दाखवून त्यांची घेतलीस. आजींपाशी तर खाली बसून समजावलंस की त्यांच्या खोलीतल्या कॅमेऱ्यातलं चित्र तू बघणार नाहीस, फक्त किती माहिती जाते आणि कधी जाते एवढंच मोजणार. आजींनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, कोण बघतंय ते कळतं का त्यात? तू म्हणालीस, कोण ते नाही कळत, कुणीतरी बघतंय एवढं कळतं. त्यांनी पेन दोनदा खाली ठेवलं आणि मग सही केली. म्हाताऱ्या माणसांना सही करताना भीती वाटते, एवढाच अर्थ मी तेव्हा लावला.

तो कॅमेरा मी कशासाठी बसवला, ते तुला माहीत आहे. आजी न्हाणीघरात पडल्या आणि मी बँकेत असल्यामुळे मला संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता. मग त्यांच्या खोलीत, खुर्चीसमोरच्या भिंतीवर तो लावला. दुपारी काउंटरवर गर्दी कमी झाली की मी फोनवर एकदा डोकावून घेत असे. पण तुझ्या आलेखात रोज दुपारी जो उंचवटा येत होता, तो माझ्या डोकावण्याचा नव्हता. तो चांगला रुंद होता.

समारोपाच्या दिवशी मी तुझ्या सभागृहात मागच्या रांगेत बसले होते. पडद्यावर तू लिहिलं होतंस, ‘घर क्रमांक तीन’, म्हणजे आपलं. कुणी बघत नसतं तेव्हा कॅमेरा थोडीच माहिती पाठवतो आणि कुणी बघायला लागलं की ओघ वाढतो, हे तू इतकं सोपं करून सांगितलंस की मलाही कळलं. मग तू तो दुपारचा उंचवटा दाखवलास. या कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात कुणी बघत असताना बारीक निळा ठिपका लागतो, पण असल्या खुणा सामान्य माणसाच्या लक्षातच येत नाहीत, असंही म्हणालीस. कॅमेरा बघायची परवानगी दिलेला दुसरा एक फोन तुला सापडला होता. तुझ्या सरांनी विचारलं, तो कुणाचा? तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, कुटुंबाच्या पूर्वीच्या सदस्याचा. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

तू त्याला बाबा म्हणत नाहीस, म्हणून मीही मुकुंदच लिहिते. त्याला ती परवानगी मी दिली होती. तू समजलीस तसं त्याने काही चोरलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी हे सांगितल्यावर तू जे बोललीस, ते मी विसरलेले नाही. आपल्याला टाकून नाशिकला दुसरा संसार थाटणारा माणूस रोज या घरात बघतो, त्या खोलीत तू अभ्यास करतेस, आडवी होतेस, कशीही वावरतेस, आणि तुला कुणी विचारलंसुद्धा नाही. सावनी, हे तुझं अगदी खरं होतं. सगळ्यांच्या सह्या घेणाऱ्या माझ्या मुलीला मीच विचारलं नाही. तू कॅमेऱ्यातल्या जुन्या परवानग्या पुसून तो नव्याने लावलास, पासवर्ड फक्त तुझ्याकडे ठेवलास आणि पुण्याला निघून गेलीस. मी अडवलं नाही.

पण मी परवानगी का दिली, ते ऐकायला तू थांबली नाहीस. मुकुंद गेला तेव्हा तू आठवीत होतीस. तो कपडे न्यायला आला, त्या दिवशी आजी दारात उभ्या राहिल्या. एकुलता एक मुलगा, पैठणच्या घरात नवसाने झालेला. त्याला त्यांनी सांगितलं, हे घर माझ्या सुनेचं आहे, आणि यापुढे मी तुझं तोंड बघणार नाही. हे माझ्यासाठी बोलल्या त्या. माझे स्वतःचे भाऊ तेव्हा ‘जरा समजुतीनं घे’ म्हणत होते. आजींनी तो शब्द पाळला. दिवाळीला त्याचा फोन आला तरी त्या घेत नसत. रात्री कुशीवर वळून जाग्याच पडून राहत, ते मला दिसायचं.

आजी पडल्याचं त्याला कुणाकडून तरी कळलं. त्याने मला एवढंच लिहिलं, मी येणार नाही, बोलणार नाही, पण तिला एकदा बघू देशील? मला त्याचा राग आजही येतो. त्याला समोर उभं करणं मला जमणार नाही. तरी दिली परवानगी. आजींनी त्याचं तोंड न बघणं माझ्यासाठी होतं, मग त्यांच्या मुलाचं बघणं मी का अडवायचं? तो रोज जेवणाच्या सुट्टीत बघायचा. कॅमेऱ्यातून बोलता येतं, पण तो एकदाही बोलला नाही. आजींना यातलं काही माहीत नाही, अशी माझी समजूत होती.

त्यांचं दुपारचं नटणं तुला आठवतं ना? जेवण झालं की आवडाबाईंकडून केस विंचरून घ्यायचे, धुतलेलं लुगडं नेसायचं आणि खुर्चीत ताठ बसायचं. आपण दोघी चेष्टा करायचो की आजींना बघायला पाहुणे येणार आहेत. पडल्यावर दुखावलेला हात बरा झाला तेव्हा त्या तो उगाच वर करून मूठ मिटत होत्या, उघडत होत्या. आंबा हातात आला तर आधी समोर धरून बसायच्या आणि मग खायच्या. मला वाटलं, वयाचं आहे.

तू गेल्यापासून त्या जेवत नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं आहे, मन सांभाळा. मला वाटलं, तुझी आठवण काढतात. रविवारी मी त्यांचे केस विंचरत होते. त्यांनी भिंतीकडे बघत हळूच विचारलं, “अश्लेषा, मुकुंदाकडं लाईट नाही का गं? इतके दिवस झाले, निळा दिवा लागलाच नाही.”

माझ्या हातातला कंगवा तसाच राहिला. तुझ्या सभागृहात कुणाच्या लक्षात न येणारी ती खूण त्यांनी पहिल्या आठवड्यातच ओळखली होती; क्षणभर लागते ती माझी आणि जेवणाच्या सुट्टीभर राहते ती त्याची. मी माझ्या बाजूने लपवत होते आणि त्या त्यांच्या बाजूने. मी विचारलं, त्याला बोलावून घेऊ का? त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, “नको. तुला शब्द दिलाय मी. मी नाही बघायची त्याला. त्यानं बघितलं तर मी काय करू?” आणि सावनी, त्या लहान मुलीसारख्या लाजल्या.

हे पत्र त्या निळ्या दिव्यासाठी आहे. मुकुंदला माफ कर असं मी म्हणत नाही, मीही केलेलं नाही. त्याला वाटत असेल, मी दार लावून घेतलं, आणि कारण विचारायचा हक्क त्याने ठेवलेला नाही. पासवर्ड तुझ्याकडे आहे, बघायची परवानगी त्याला आता तूच परत देऊ शकतेस. मी कॅमेरा वळवून ठेवला आहे, आता त्यात फक्त आजींची खुर्ची येते. तुझं टेबल मी बाहेरच्या खोलीत आणलं आहे. तू घरी असशील तेव्हा कॅमेरा बंद, हेही मान्य. तुझा तो सह्यांचा फॉर्म मला परत पाठव, या वेळी घरातल्या सगळ्यांना विचारून भरू, आणि त्यात पहिली सही तुझी असू दे. तुझं मन नाहीच म्हणालं तर नको देऊस, मी परत विचारणार नाही. पण ठरवशील ते लवकर ठरव. आजी आज दुपारीही केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून खुर्चीत बसल्या आहेत.

तुझ्या उत्तराऐवजी त्या निळ्या ठिपक्याची वाट बघणारी,
तुझीच
आई