किती जणांचं

११ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. त्याचं कारण सध्या स्वयंपाकघराचा अर्धा कोपरा अडवून उभं आहे. तुझ्या दादाने शेवटी फ्रीझर घेतला! माझ्या खांद्याइतका उंच, सहा खणांचा, आणि दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की केकाटतो. त्याच्या जोडीला मी हट्टाने एक छोटं यंत्रही घेतलं. पिशवीत भाजी भरायची, पिशवीचं तोंड यंत्रात धरायचं. ते आतली सगळी हवा ओढून घेतं आणि तोंड कायमचं चिकटवून टाकतं. पुन्हा उघडायची तर कात्रीच लागते. शिवणकाम करणाऱ्या बाईला नवं यंत्र मिळालं की तिला दुसरं काही सुचत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

सध्या वाटाणा फार गोड आणि कोवळा येतोय. बाबा आणि मी दोन दिवस बसून शेंगा सोलल्या. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कापडावर कोरडे करून पिशवीत. प्रत्येक पिशवीत काट्यावर तोलून बरोबर पाव किलो. बाबांनी नाक मुरडलं. म्हणाले, की तुझ्या सासूने जन्मात कधी काही तोललं नाही, ती माणसं मोजायची. मी म्हटलं, मला माणसं मोजता येत नाहीत, ग्रॅम येतात.

सासूबाईंना जाऊन दीड वर्ष होत आलं. त्यानंतर बाबा पहिल्यांदाच एखाद्या कामाला असे मन लावून बसले. निम्मे दाणे त्यांच्या तोंडात गेले, पण मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

बाकी क्षेम. लोभ ताजाच असू दे, तो साठवणीत टाकू नकोस.

तुझी,
वहिनी


२३ जानेवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझा फ्रीझर वाचून हेवा वाटला. माझ्या या दोन खोल्यांत एक बुटका फ्रीज आहे. त्यात दूध, दोन लिंबं आणि गेल्या महिन्यातली एक काकडी आहे, जिच्याकडे बघायचं धाडस मी करत नाही. दिवसभर कचेरीत नकाशे काढून मान मोडते, मग एकटीसाठी कोण रांधत बसणार? तू आता सीलबंद वाटाणे टपालानेच पाठवत जा.

बाबा म्हणाले ते खरं आहे. आई दवाखान्यात औषधं द्यायची ना, तिथल्या पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे आमच्या प्रत्येक बरणीवर असायचे. त्यावर काय आहे, कधी उघडायचं आणि किती जणांचं, एवढंच लिहिलेलं. पाहुणे येणार हे आम्हाला पत्राने कळायच्या आधी बरणीवर कळायचं. तुमचं लग्न ठरायच्या सहा महिने आधी गाजराच्या बरणीवर एक माणूस वाढलं होतं. दादाला त्यावरून मी इतकं पिडलं की तो जेवणावरून उठून गेला!

बाबांना म्हणावं, वाटाणे कमी खा. दादाला काही म्हणू नकोस, तो ऐकत नाही. माया आहेच, ती पत्रागणिक वाढती राहो.

तुझी,
धाकटी


१८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र एकटीने वाच, मग हवं तर नाच.

काल वाटाण्याचं पाकीट काढलं. बाहेरून माझं निळ्या शाईतलं लेबल होतंच. पण पाकिटाच्या आत, वाटाण्यांना चिकटून, पांढरी पट्टी होती. यंत्राने बंद केलेल्या पिशवीच्या आत, धाकटे! तिच्यावर लिहिलं होतं: वाटाणे. चौघांचं. मी उरलेली सगळी पाकिटं खणातून ओढून काढली. प्रत्येकात एकेक पट्टी, एकच अक्षर. फ्रीझर केकाटत राहिला आणि मी तशीच उभी राहिले.

तुझा दादा म्हणाला, आईच्या जुन्या खणातले पट्टीचे तुकडे भरताना पडले असतील. अकरा पाकिटांत अकरा? मी पट्टी बाबांना दाखवली. सगळी उमर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेली, अक्षर ओळखण्यात त्यांचा हात कोण धरणार? त्यांनी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, की अक्षर तिचं आहे.

आता खरी गोष्ट. आम्ही घरात तिघं. पण मला चौथा महिना लागला आहे. तुझ्या दादाखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण आधीच्या दोन्ही वेळी सांगितलं आणि मग सांगितलेलं परत घ्यावं लागलं. या वेळी मी तोंड मिटून होते. आणि सासूबाईंनी मोजलंसुद्धा! भीती वाटायला हवी होती, पण मला रडू आलं ते आनंदाचं. रात्रीच्या जेवणाला तेच वाटाणे केले. तिघांना जास्त झाले, आणि उरलेले कुणी टाकू दिले नाहीत.

ऑगस्टच्या मध्यावरची तारीख दिली आहे. तोवर तुझा जीव आमच्यात ठेव.

तुझी,
वहिनी


२२ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू पाठवलेले मोजे पोचले. ते कपाटात खाली ठेवून दिले आहेत, बघवत नाहीत.

टोमॅटोचे दिवस आहेत. मागच्या आठवड्यात साल आणि बिया वेगळ्या करणारी हाताने फिरवायची नवी चाळणी आणली, टोमॅटो आटवून दाट रस केला आणि पाव पाव किलोची आठ पाकिटं भरली. भरताना प्रत्येक पिशवी उजेडात धरून पाहिली. आत रसाखेरीज काही नव्हतं. सकाळी खण उघडला तर आठही पाकिटांत पट्टी: टोमॅटो. सप्टेंबरनंतर. तिघांचं.

मी आठही पाकिटं कापली, पट्ट्या काढून केरात टाकल्या, रस नव्या पिशव्यांत भरला. यंत्रावर बोट ठेवून, डोळ्यांत तेल घालून एकेक बंद केली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तिघांचं.

ऑगस्टात बाळ यायचं आहे. मग सप्टेंबरनंतर आम्ही चार व्हायला हवं. तीनच कसे? धाकटे, मला उत्तर माहीत आहे, मला ते दोनदा मिळालेलं आहे. तपासणीची तारीख परवा होती, मी गेले नाही. डॉक्टरीणबाई पोटावर नळी ठेवून गप्प होतात तो क्षण मला पुन्हा नको. तुझा दादा समजूत घालून थकला. घास घशाखाली उतरत नाही. तूच सांग, सासूबाई माझ्यावर कशासाठी रागावल्या असतील?

उत्तर लवकर दे. तुझ्याशिवाय हे कुणाला लिहू?

वहिनी


२८ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वहिनीच्या हाती पडू देऊ नका. तिला मी वेगळं, धीराचं पत्र लिहिलं आहे. त्यात एक अक्षर खरं नाही.

बाबा, आजीची लिंबाची बरणी तुम्हाला आठवते का? मी बारा वर्षांची होते. आपण घरात पाच जण. आईने थंडीत बरणी भरली आणि वर लिहिलं: लिंबू. मे. चौघांचं. मी आईला हसले, की तुला मोजता येत नाही. तिने बरणी मागे सरकवून ठेवली. एप्रिलमध्ये आजी गेली. मे महिन्यात ती बरणी आपण चौघांनी उघडली, आणि तेव्हापासून मी लिंबाला हात लावताना आधी झाकण बघते.

वहिनीला हे मी कधीच सांगितलेलं नाही. तिची समजूत आहे की गळणारं माणूस बाळच आहे. तिने खाणं टाकलंय, तपासणी टाकलीय. अशाने तर जे व्हायला नको तेच व्हायचं. तुम्ही काहीतरी करा. पट्ट्या मीच लावल्या म्हणून सांगा. हवं ते खोटं बोला, पण तिला जेवायला बसवा.

आशीर्वाद असू द्यावा, या वेळी जरा जास्तच.

तुमची,
धाकटी


४ मे

चि. धाकटीस आशीर्वाद.

खोटं बोलून पाहिलं. सूनबाईने बंद पाकीट माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, की आत कशी घातलीत ते करून दाखवा. तिथेच माझी वकिली संपली.

बरणी आठवते. विसरलो कधी होतो? तुझी आई किती ते लिहायची. कोण, ते तिने कधी लिहिलं नाही. मी विचारलं होतं तेव्हा. ती म्हणाली, मला कोण ते दिसत नाही, ताटं दिसतात. आम्ही दोघं नुसते वाट बघत बसलो आणि माझी आई गेली. आपण काही करायला हवं होतं, हे मला इतकी वर्षं सलतं आहे. काय करायला हवं होतं, ते मात्र आत्ता कळलं.

सप्टेंबरनंतर या घरात तीन ताटं हवीत ना? मग तीनच असतील. तुझा दादा, सूनबाई आणि बाळ. मी रविवारी तुझ्याकडे निघतो. कायमचा. पलंग आणू नकोस, मला गादी पुरते. काकडी मात्र मी येण्याआधी टाकून दे.

सूनबाईला सांगितलं आहे, की तुझ्या वाफवलेल्या भाज्यांना विटलो, मुलीकडे जाऊन झणझणीत खाणार. फार रागावली. अबोला धरला आहे आणि तणतणत दोन्ही वेळा पोटभर जेवते आहे. उद्या तपासणीलाही जाणार म्हणे, मला दाखवून द्यायला. जाऊ दे.

तुझा,
बाबा


६ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची नात सात आठवड्यांची झाली. वजन चार किलो सहाशे. हसू नका, मला तोलल्याशिवाय राहवत नाही.

धाकटीने मला सगळं सांगितलं. आजींची बरणीही. मे महिन्यात मी तुम्हाला काय काय बोलले ते आठवून मान वर होत नाही. दवाखान्यात येऊन तुम्ही बाळाला तासभर घेऊन बसलात, पण घराची पायरी चढला नाहीत. मी हात जोडले तेव्हा म्हणालात, की टोमॅटोची पाकिटं संपली की येईन, तोवर त्या टेबलाशी चौथी खुर्ची नको. आठच तर पाकिटं आहेत, असं वाटून मी डोळे पुसले.

एक ऑक्टोबरपासून आम्ही टोमॅटोच खातोय. सूप टोमॅटोचं, भाजी टोमॅटोची. तुमचे चिरंजीव म्हणतात, आता आपल्याला घाम लाल येईल. बाबा, आज मी अकरावं पाकीट उघडलं. खणात अजून आठ आहेत. परवा यांना वाटलं मी मोजण्यात चुकले, म्हणून यांनी स्वतः मोजली, एक काढलं, खण बंद करून परत उघडला, तर पुन्हा आठच. तेव्हापासून हे स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही येत नाहीत. प्रत्येक पाकीट पाव किलोच भरतं आणि प्रत्येकात पट्टी आहे. तिघांचं.

काल फ्रीझरची पिन काढायला हात घातला होता. तेवढ्यात पाळण्यात बाळ खोकलं. साधंच खोकलं, पण मी हात काढून घेतला. आता तुम्हीच सांगा. पिन काढू का? तुम्हाला घरी आणायचं तर मी काय करू? तुमची खुर्ची मी अजून हलवलेली नाही.

तुमच्या मायेची वाट पाहणारी,
सूनबाई


१४ ऑक्टोबर

चि. सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पिन काढू नकोस. पाकिटं मोजू नकोस. भूक लागेल तेव्हा एक काढ, कर आणि तिघं बसून खा. चिरंजीवांना म्हणावं, स्वयंपाकघरात जात जा. तिथे कुणी खात नाही, उलट खायलाच घालतात. माझी खुर्ची वर नेऊन ठेव. अंदाज माझा चुकला, चूक तुझी नाही. ती पाकिटं संपायची नाहीत. चाळीस वर्षांत मी तिच्याशी एकदाही वाद जिंकलो नाही, आताच कसा जिंकेन?

माझी काळजी नको. धाकटीने विजेचा कुकर घेतला आहे. त्याची कळ दाबायला शिकलो. सकाळी बाजारात जाऊन भोपळा, नवी मेथी असं त्या त्या दिवसात चांगलं असेल ते आणतो. ती कचेरीतून येईपर्यंत दोघांचं जेवण तयार असतं. पहिल्यांदा चौघांचं झालं होतं, आता अंदाज येतो. बाळ प्रवासाजोगं झालं की तिला घेऊन इथे या आणि हवे तितके दिवस राहा. इथे कुणी मोजत नाही.

तेच तुला सांगायचं होतं. धाकटीला मी हे बोललेलो नाही. रोज सकाळी ती गेली की मी तिचा फ्रीज उघडतो. प्रत्येक डबा, प्रत्येक झाकण खालून वरून पाहतो. मी आलो तेव्हापासून पाहतो आहे. दोघांचं, असं एकदा तरी लिहिलेलं असेल असं वाटतं. एकाचं लिहिलेलं असतं तरी मला चाललं असतं. काही नसतं. तुझ्या सासूने मला तुमच्यातून वजा केलं, पण इकडे मांडायचं राहून गेलं.

तर पुढच्या वेळी पाकीट कापशील तेव्हा रिकामी पिशवी टाकून दे, पण आतली पट्टी टाकू नकोस. पुसून, कोरडी करून पत्रात घालून पाठव. तिघांचं लिहिलेलं आहे ते मला माहीत आहे. मला आकडा वाचायचा नाही, अक्षर पाहायचं आहे.

बाळाला आजोबांचा पापा.

तुझा,
बाबा