कॅमेऱ्याची मान

प्रिय इस्क्रा,

हे पत्र मेतोदीच्या गाडीतून येईल. रविवारी तो लोकांची गाठोडी आणि मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या घेऊन हॉलंडला निघतो. पत्र बरण्यांखाली ठेवू नकोस, तेल गळतं, असं त्याला बजावलंय. "वेल्कोकाका, मी लोकांच्या कवळ्या सुखरूप पोचवल्यात, तुमच्या पत्राचं काय घेऊन बसलात," म्हणाला. तरी मला भरवसा वाटत नाही. शुक्रवारी वृद्धाश्रमाची गाडी तुझ्या आईला न्यायला येणार आहे आणि त्याच्या आत तू हे वाचायला हवंस. फोनवर का सांगितलं नाही, असं तू म्हणशील. फोनवर मी ओरडतो, तू रडतेस, आणि मग तुझा नवरा यूस्त बिचारा फोन काढून घेतो. शिवाय आता या घरात मोकळं बोलायची सोय राहिलेली नाही. पक्षाघाताच्या झटक्याने आईची वाचा गेली असली तरी कान शाबूत आहेत, आणि कपाटावर तुझा कॅमेरा बसलाय. म्हणून लाकडांच्या खोपीत, गुडघ्यावर फळी ठेवून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. माझं शिक्षण तुला ठाऊकच आहे.

कॅमेरा खरा लागायचा होता फाटकावर. वरच्या आळीतल्या त्या दोघी बहिणींना चोरांनी भरदिवसा लुबाडलं, तेव्हा तू घाबरून तो पाठवलास. खोक्यातून काढला तर लाल दिवा लुकलुकतोय, तो काही केल्या निळा होईना. फोनवरचा ठिपक्यांचा चौकोन त्याच्या डोळ्यासमोर धरायचा होता, पण माझा हात थरथरतो, त्याला ते वाचता येईना. आई खाटेवरून सगळं बघत होती. तिने चांगल्या हाताने साखरेच्या डब्याकडे बोट केलं. फोन डब्याला टेकवून उभा केला आणि कॅमेरा टुणकन वाजला! डोकं तिचं अजून माझ्यापेक्षा बरं चालतं, हे ध्यानात ठेव. मग घोडं अडलं पासवर्डवर. तू लहानपणापासूनची आईची हाक, 'मामा', आणि पुढे तुझं जन्मसाल ठेवलं होतंस. मी तेच टाकलं. चुकीचं, म्हणे. पुन्हा टाकलं. पुन्हा चुकीचं. आईला मारायची हाक, ती चुकेल कशी? शेवटी केबलवाल्या प्लामेनला बोलावलं. तो सूर्यफुलाच्या बिया फोडत आला आणि बघून हसतच सुटला. "काका, तुम्ही आपल्या अक्षरांत लिहिलंत. याला तिकडची अक्षरं हवीत." मी म्हटलं, "अरे गाढवा, या शब्दातली सगळी अक्षरं दोन्हीकडे सारखीच दिसतात!" "तुम्हाला सारखी दिसतात. यंत्राला विचारा, ती वेगळी आहेत." त्याने फोनमधली अक्षरं बदलली, तोच शब्द हुबेहूब तसाच लिहिला, आणि दिवा निळा झाला. मला अजूनही ते पटत नाही.

पण फाटकाकडे नेला की दिवा परत लाल. भिंती जाड, वर पत्रा, इंटरनेट तिथवर पोचत नाही. प्लामेन म्हणाला, लांब वायर येईपर्यंत स्वयंपाकघरात कपाटावर राहू दे, निदान चालतोय की नाही ते कळेल. असा तो आईच्या खाटेसमोर बसला, आणि चोरांऐवजी तुला आम्ही दिसायला लागलो. तू तिकडून त्याची मान फिरवतेस ना, पहिल्यांदा तो असा आपोआप वळला तेव्हा माझ्या हातातला दह्याचा वाडगा पडला. आईला मात्र मजा वाटली. आत तू आहेस हे तिला पक्कं माहीत आहे. तो वळला की तीही तोंड वर करून बघते. मग मी तिला उचलताना गुडघ्यावर कोसळलो, तेही तू पाहिलंस. त्याच संध्याकाळी तू आश्रमात फोन केलास. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. माझ्या पाठीत दम राहिलेला नाही, हे मलाही कळतं.

आश्रमाच्या दोचेवाबाई आल्या त्या दिवशीचं सांगतो. बाई चांगल्या आहेत, आईचे पाय चोळून दिले, केस विंचरले. मग मला म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही जरा अंगणात थांबा. तुमच्यासमोर त्या खरं सांगणार नाहीत." मी शारोचा पट्टा धरून बाहेर उभा राहिलो. कुत्रा भुंकत होता, आतलं काही ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "मी एकच विचारलं, आजी, आमच्याकडे राहायला याल का? त्यांनी मान खाली-वर केली. पण अशा झटक्यानंतर मानेवर विसंबता येत नाही. मुलीनेच काय ते ठरवावं." आणि तू तिकडे ते चित्र पाहिलंस. आवाज नव्हताच, कारण फोनमध्ये आवाजाच्या खुणेवर रेघ राहून गेली होती, ती प्लामेनने दुसऱ्या दिवशी काढली. तू मला फोन केलास, "बाबा, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आईने हो म्हटलंय." मी त्यावर जे ओरडलो ते विसरून जा.

इस्क्रा, मान खाली-वर केली की आपल्याकडे 'नाही' असतं. डावी-उजवी हलवली की 'हो'. हे मी तुला शिकवायचं म्हणजे कमालच झाली, पण इतकी वर्षं तिकडे राहून तुझी मान फिरलीय. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या त्सोंकाने तुला विचारलं, "चीजची बानित्सा वाढू का अजून?" आणि तू मान खाली-वर करून रिकामी ताटली घेऊन बसलीस. "हिला उपाशीच जायचंय वाटतं," म्हणून त्सोंका अजून हसते. म्हणून या वेळीही आधी मला वाटलं, गोष्ट सोपी आहे. आईने 'नाही' म्हटलं आणि तू 'हो' वाचलंस. दिसायला तेच अक्षर. लगेच तुला फोन लावायला उठलोसुद्धा.

आणि तिथेच मला धसका बसला. छोट्या लोटेला सांभाळायला आई तुझ्याकडे हिवाळाभर राहिली होती, आठवतं? पोरगी "आजी, धिरडं देशील?" म्हणायची, आई आपल्या पद्धतीने मान डोलवायची, आणि पोरगी भोकाड पसरायची की आजी नाही म्हणते. मग आईने लोटेसाठी मानच बदलून घेतली. परत आल्यावर कितीतरी दिवस तिचा घोळ व्हायचा. दुकानदार विचारायचा "पाव हवा?", ही मान खाली-वर करायची आणि पावाशिवाय घरी यायची. तेव्हा तोंडाने सांगता तरी येत होतं. आता जीभ लुळी पडलीय, 'नाही' म्हणतानाचा तो च्च आवाजही निघत नाही. मग त्या दिवशीची मान कुठली? इथली की तिकडची?

प्लामेन एक गोष्ट सांगून गेला होता. यंत्र काय करतंय ते कळेना झालं, की आधी ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे ते करून बघायचं. मी आईपुढे स्टूल घेऊन बसलो. विचारलं, "सेव्दा, शारो मांजर आहे का?" तिने माझ्याकडे असं बघितलं, की म्हातारा आता गेलाच कामातून, आणि मान खाली-वर केली. "तू सेव्दाच ना?" मान डावी-उजवी. म्हणजे इथलीच! माझा जीव भांड्यात पडला. पण तेवढ्यात कपाटावरून तुझा आवाज आला, "आई, जेवलीस का गं?" चमचा अजून तिच्या हातात होता, ओठाला सूप लागलेलं होतं. तिने तोंड वर केलं, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि मान खाली-वर केली. तू म्हणालीस, "शाब्बास!" मी स्टूल तिच्या आणखी जवळ ओढलं. तू गेल्यावर मी तोच प्रश्न विचारला, "जेवलीस का?" तिने मान डावी-उजवी हलवली. मला ती इथल्या मानेने उत्तर देते आणि तुला तिकडच्या. तिचा घोळ होत नाही, इस्क्रा. समोर कोण आहे ते बघून ती बोलते.

तू म्हणशील, मग बाबा, तिलाच सरळ विचारा ना, राहायचंय की जायचंय. विचारलं. तिने डावी-उजवी मान हलवली, राहायचंय म्हणून. आणि वर चांगल्या हाताने माझा गाल चोळला. त्या हातानेच मला शंका आली. दोचेवाबाई खरं बोलल्या होत्या. माझ्यासमोर ती माझ्यासाठीच मान हलवणार. जन्मभर अंड्यातला पिवळा भाग माझ्या ताटात सारून 'मला आवडतच नाही' म्हणणारी बाई आहे ती. तू विचारलंस तर तुझी काळजी मिटावी म्हणून जायला तयार होईल. तिचं स्वतःचं उत्तर एकदाच निघालंय, मी अंगणात कुत्रा धरून उभा असताना. आणि ते तुझ्याकडे आहे. माझ्या फोनवर फक्त चालू घडीचं दिसतं, मागचं दिसत नाही, प्लामेनला विचारून झालं.

म्हणून हे लिहिलं. ते चित्र पुन्हा लाव, आणि या वेळी आईची मान बघू नकोस, डोळे बघ. दोचेवाबाई कॅमेऱ्याकडे पाठ करून बसल्या होत्या, स्टूल मीच ठेवलं होतं. आईची नजर बाईंच्या तोंडावर असेल, तर ते आपलं 'नाही' आहे, ती गाडी थांबव. नजर त्यांच्या डोक्यावरून वर, कपाटाकडे असेल, तर ती तुझ्याशी बोलत होती, तुला 'हो' म्हणत होती. मग मी तिचा निळा झगा इस्त्री करून ठेवीन, तिला स्वतः गाडीत बसवीन, आणि ओरडणार नाही. माझ्याकडे बघून काही ठरवू नकोस. फोनही करू नकोस, मला ते कानाने ऐकवणार नाही. मी रोज आईशेजारी बसून कपाटाकडे बघत असेन. तू तिकडून फक्त कॅमेऱ्याची मान हलव. डावी-उजवी हलली, तर आई घरी राहते. खाली-वर हलली, तर जाते. आपल्याकडची मान, इस्क्रा. चुकू नकोस.

शारोजवळ उभा असलेला, तुझाच
बाबा