वरच्या तळ्यापर्यंत

रविवार, १४ ऑक्टोबर

ताई,

धाकटीचा नमस्कार. मी ठणठणीत आहे. भावजींचा खोकला थांबला का? त्यांना म्हणावं, खिडकीत उभं राहून ओढलेली सिगारेटही सिगारेटच असते.

तुझं पत्र मिळालं. खालची खोली माझ्यासाठी रंगवलीस, न्हाणीघरात धरायला दांडी बसवलीस, सगळं वाचलं. त्यावर लिहितेच. आधी माझी बातमी ऐक. मी गुरुवारी डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन आले. एकटी.

बसनं फाटकापाशी सोडलं. फाटकावरच्या वनरक्षक बाईंनी वही पुढे केली. म्हटलं, "तुम्हीच लिहा, चष्मा विसरलेय."

"एकट्याच?"

"मैत्रिणी मागून येताहेत."

दोन वाक्यांत दोन थापा. तू असतीस तर कान पिळला असतास.

वरच्या तळ्यापर्यंत साडेपाच किलोमीटर चढ. पहिला दीड किलोमीटर मजेत गेला. रुंद वाट, उंच झाडं, पायाखाली मऊ पाचोळा. मग फाटा आला. तिथं पाटी होती. पाटी आहे एवढं कळलं, तिच्यावर काय लिहिलंय ते नाही.

आता लपवण्यात अर्थ नाही. 'मोतीबिंदू आहे, काढला की झालं,' असं मी तुला लिहिलं होतं. तो मोतीबिंदू नाही. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय आणि तो परत येत नसतो. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं, कडेकडेचं तेवढं दिसतं. तुझं पत्र भिंगाखाली धरून वाचलं आणि हेही जाड अक्षरांत, नजर तिरकी करून लिहितेय. छापखान्यातली नोकरी मी आपणहून सोडली, असं लिहिलं होतं; तेही खोटं, मला काढलं. मुद्रितं तपासताना एका शोकसंदेशात 'कै.'च्या जागी 'चि.' राहिलं आणि मालकांनी हात जोडले. त्यांनी तुला फोन केला होता, हे मला ठाऊक आहे. तू पत्रात त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस; सरळ खोलीच रंगवलीस!

तर फाट्यावर मी चुकीच्या बाजूला वळले. वाट ओढ्याकडे उतरत गेली, पाय घसरला, गुडघा सोलवटला. उठून बघते तर कुठून आले तेच कळेना. घाबरले, ताई. "ताई" म्हणून ओरडलेसुद्धा. बावन्न वर्षांची बाई, जंगलात बसून!

तासाभरानं आल्या त्या वनरक्षक बाई. मागून येणाऱ्या मैत्रिणी आल्याच नाहीत, म्हणून शोधत निघाल्या होत्या.

"कुठायत मैत्रिणी?"

"नाहीत."

"आणि चष्मा?"

"तोही नाही." मग सगळं सांगितलं.

त्या भडकल्या. "आणखी खाली गेला असतात तर तुम्हाला उचलायला चार माणसं लागली असती!" खरंच होतं. मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांनी पाणी पाजलं, गुडघा बांधला आणि म्हणाल्या, "चला, फाटकापर्यंत सोडते."

"तळं कुठल्या बाजूला?"

"वर."

"मग मला वर जायचंय."

त्यांनी गुडघ्यावरची गाठ एकदा तपासली. मग पाठीवरच्या पिशवीचा पट्टा त्यांनी माझ्या मुठीत दिला. "हा सोडायचा नाही. मी 'दगड' म्हटलं की पाय उचलायचा."

दगड. मूळ. दगड. वाका. चार किलोमीटर आमच्या एवढ्याच गप्पा. माझा जीव मेटाकुटीला आला, पण पट्टा काही सोडला नाही.

तळ्याचं पाणी हाडं गोठवणारं होतं. मी कोपरापर्यंत हात बुडवले.

"शिखर दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही जरा डावीकडे उभ्या राहा. तुमच्याकडे बघते, म्हणजे शिखर दिसेल."

आणि दिसलं. धूसर, पण अख्खं. त्या बाई इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना.

आता खोलीचं. मी येणार नाही. आई गेल्यावर तूच माझी वेणी घातलीस, तूच शाळेत सोडलंस, ते या जन्मात फिटायचं नाही. पण तुझ्या घरी तू मला चहाचा कपही उचलू देणार नाहीस आणि वर्षभरात मी खरोखर आंधळी होईन. इथं गॅसचं बटण माझ्या बोटांना पाठ आहे. पांढरी काठी घेऊन चालायला शिकवतात, त्या वर्गात एक तारखेपासून जातेय. डोंगरात फिरायला जाणाऱ्या एका गटातही नाव घातलंय. तिथं थाप मारली नाही.

रागाव. खुशाल रागाव, चार दिवस फोन करू नकोस. फक्त मला 'बिचारी' म्हणू नकोस. भावजींपाशीसुद्धा नाही. ती खोली भाड्यानं दे.

तुझ्या हाताखाली वाढलेली, म्हणूनच न ऐकणारी,
धाकटी