ओ देऊ नकोस

३ फेब्रुवारी
पोचले एकदाची! कात्रपची सोसायटी, बी विंग, दुसरा मजला, गॅलरीवाली खोली. उल्हासनगरहून एरवी तासाभराचं अंतर, लपतछपत तीन दिवस लागले. अंबरनाथच्या लोकांनी गेटवरूनच हाकललं. ही दोघांचं खाईल म्हणाले, त्यात हिजडा. इथल्या नूतनवहिनींनी आधी दोन भाकऱ्या वाढल्या, मग नाव विचारलं. अंजनी म्हटलं, तर अंजनी. माझ्या एकशे आठ किलोंवर कोणी चकार शब्द काढला नाही. उल्हासनगरातल्या कॅम्प तीनच्या जीन्सच्या कारखान्यातलं ऑर्डरबुक सोबत आहे, त्यातच लिहितेय.

५ फेब्रुवारी
इथे एकवीस माणसं, सगळी खिडक्या बंद करून राहतात. दिवाळीपासून सगळीकडे हेच. बाहेर पाऊल टाकलं की नदीकडून हाक येते, गेलेल्या माणसांच्या आवाजात, आपलं बारशाचं नाव घेऊन. ओ दिली की माणूस नदीकडे चालायला लागतं आणि परत येत नाही. पाण्याला गेलेले तिघे, कानात कापूस असूनही, गेल्या महिन्यात गेले.
मला आई हाक मारते. पण त्या जुन्या नावाने. बारा वर्षं त्या नावाला मी ओ दिलेली नाही, बापाने पट्ट्याने फोडलं तेव्हाही नाही. अंजनी हे नाव मी स्वतः ठेवलं. नदीतल्यांना ते ठाऊकच नाही. हे ऐकून वहिनींनी माझे दोन्ही हात धरले. शिरगावच्या विहिरीवरून पाणी आणशील का, म्हणाल्या. आणीन की!

९ फेब्रुवारी
रोज चार कॅन. मांड्या घासून सोलवटल्यात. स्वयंपाक बघणारी अनुया संध्याकाळी खोबरेल घेऊन आली आणि न लाजता लावून दिलं. तिची आई दिवाळीतच नदीकडे गेली.

१३ फेब्रुवारी
अनुया आता माझ्याच खोलीत असते. माझ्या पोटावर डोकं ठेवलं की बंद खिडकीतूनही झिरपणारी आईची हाक तिला ऐकू येत नाही म्हणे. या पोटाचं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. लिहिताना हसू येतंय.

१६ फेब्रुवारी
अंबरनाथहून धर्मेश नावाचा माणूस आला. सांगत होता, गच्चीवरून नदीला एखाद्याचं तिला माहीत नसलेलं नाव सांगितलं, तर त्याच्या बदल्यात ती आपलं एक माणूस परत पाठवते. मी हसले. बाकी कोणीच हसलं नाही. अनुयाने त्याला दोनदा विचारलं, कसं सांगायचं.

१८ फेब्रुवारी
अनुयाची आई परत आली! सकाळी गेटवर उभी, दिवाळीच्या साडीत, केस ओले. सगळे रडले, मीही. अनुया माझ्याकडे बघत नाही. आनंदात असेल.

१९ फेब्रुवारी
विहिरीवर होते. नदीकडून माझ्या आईने हाक मारली — अंजनी.
बारा वर्षं तिच्या तोंडून हेच ऐकायचं होतं मला. तोंड उघडलं होतं. जीभ चावली, रक्त आलं, कॅन टाकून पळाले. धाप लागून दोनदा पडले.
गेटला कुलूप.
वहिनी आतून म्हणाल्या, आता तूही आमच्यासारखीच गं, तुला घेऊन काय करू. मागे अनुया आईचा हात धरून. तिला विचारलं, तू सांगितलंस?
ती म्हणाली, "तुला तुझी आई नकोशी होती. मला माझी हवी होती."

२० फेब्रुवारी
गेटबाहेर वॉचमनच्या केबिनमध्ये आहे. कानात या वहीचेच बोळे. तरी ऐकू येतं. ओरडून ओरडून वहिनींना — कोणी खिडकीशी येत नाही.

२१ फेब्रुवारी
गेट सताड उघडं. सगळ्या खिडक्याही. रस्त्यावर ओली पावलं, खूप, सगळी नदीकडे. आत कोणी नाही. फक्त ती अनुयाची आई — माझ्या गॅलरीत — हसत —
तिनेच आतून एकेकाला नावाने हाक —

दुपार
नवा आवाज. अनुयाचा. नदीकडून.
अंजनी, म्हणतेय. माझ्या पोटावर डोकं ठेवून म्हणायची तसं —
शिव्या घालायच्या होत्या तिला. एवढ्या साठवल्यात, आणि तोंडात येतंय फक्त ओ —