आत्याबाईंचे कापलेले हात पुन्हा जोडून मिळणेबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
करमणूक झुले व यंत्रे परवाना कार्यालय,
दुसरा मजला (लिफ्ट बंद असल्याने जिन्याने).

दिनांक : ११ मार्च, मंगळवार

विषय : ‘अग्निअजगर’ या नव्या रोलर कोस्टरच्या चाचणीतील आत्याबाईंचे कापलेले हात पुन्हा जोडून चाचणी नव्याने घेणेबाबत. (अर्ज चौथा.)

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. २) आपल्या कार्यालयाची तीन उत्तरे. ३) रविवार, दि. १६ मार्चच्या उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका, जिच्यावर आपले नाव ठळक अक्षरांत आहे.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार चौथ्यांदा नम्रपणे कळवतो की, आत्याबाई ही अर्जदाराची आत्या नाही. ती कोणाचीच आत्या नाही. ती लाकडाची आहे. एवढे एक वाक्य आपल्या कार्यालयाच्या डोक्यात शिरले असते, तर अर्जदाराचा कागद आणि आपल्या आवक-जावक लिपिकाची शाई दोन्ही वाचले असते.

१. अर्जदार हा करमणूक उद्यानात गेली चौतीस वर्षे रोलर कोस्टरचे मार्ग आखतो. चढ किती ठेवायचा, उतार कुठे सोडायचा, वळणावर रूळ किती कलता घ्यायचा, हे त्याचे काम. मार्ग उभा राहिला की माणसे बसवण्यापूर्वी पहिल्या डब्यात एक लाकडी सांगाडा बसवतात. त्याला डोके असते, खांदे असतात आणि वर व बाजूंना ताणलेले हात असतात. मग गाडी दोराने सावकाश ओढत सबंध मार्गावरून नेतात. सांगाडा कुठेही न घासता परत आला, तर माणूसही परत येईल, असा त्याचा साधा हिशेब. आमच्या कारखान्यात या सांगाड्याला पहिल्यापासून आत्याबाई म्हणतात, कारण ती सगळ्यांच्या आधी येऊन बसते, सगळीकडे हात घालते आणि खोट काढल्याशिवाय परत जात नाही. तिचे हात अर्जदाराच्या हातांवरून बेतलेले आहेत, कारण त्या वेळी कारखान्यात त्याच्याइतका उंच दुसरा कोणी नव्हता. अर्जदार आसनावर बसून हात वर करतो तेव्हा बोटांची टोके बैठकीपासून एकशे अठ्ठेचाळीस सें.मी. वर जातात. त्यात दहा सें.मी. सावधगिरीचे मिळवून आत्याबाईंना एकशे अठ्ठावन्न दिले. चौतीस वर्षांत त्या मापाला कोणी बोट लावले नव्हते.

२. आता सजावट विभागाबद्दल. या विभागाचे प्रमुख हे अर्जदाराचे सख्खे जावई आहेत. ही गोष्ट अर्जदार लपवत नाही. लपवता आली असती तर लपवली असती. जावईबापूंचे म्हणणे असे की, नुसता उतार म्हणजे घसरणे, त्याला कथा असली तर ते घसरणे सार्थकी लागते. म्हणून रांगेच्या वाटेवर कथेचे चौदा फलक लावले आहेत. पोटात गोळा आलेला माणूस फलक वाचत नाही, हे अर्जदाराने सांगून पाहिले. कथाही मोठी विचारपूर्वक निवडली असेल असे आपणास वाटेल, तर तसेही नाही. आधी तिथे बर्फाची गुहा होती. छतापासून बर्फाचे सुळके लोंबत होते आणि दाराशी मिठी मारायला एक पांढरे अस्वल उभे होते. मग कोणाला तरी बर्फाचा कंटाळा आला. सुळक्यांना पिवळा रंग देऊन त्यांचे दात केले, गुहेचा जबडा केला आणि अस्वलाच्या अंगावर खवले चिकटवून ते अजगराचे पिल्लू असल्याचे जाहीर केले. अजगर आग ओकत नाही आणि त्याची पिल्ले मिठ्या मारत नाहीत, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा एकंदर प्रकार आहे. इथपर्यंत अर्जदार गप्प बसला. रंगाने कोणी मरत नाही.

३. त्यानंतर जावईबापूंना वाहनतळावरून पाहता दात बारीक दिसू लागले. वाहनतळावरून! गाडीत बसलेल्याला काय दिसेल याचा विचार त्यांच्या विभागात होत नाही, गाडी लावणाऱ्याला काय दिसेल याचा होतो. दात हातभर वाढवण्यात आले. बाहेरून फोम, वर दगडासारखा लेप आणि आत लोखंडी सळई. गाडी तिथून ताशी चौऱ्याहत्तर कि.मी. वेगाने जाते. त्यावर कळस म्हणजे फोटो काढणारा कॅमेरा नेमका त्याच जबड्यात बसवला आहे, आणि गाडी जबड्यात शिरताच अजगराच्या आवाजात आज्ञा होते, “हात वर!” तो आवाज जावईबापूंचा स्वतःचा आहे. घरी त्यांचा आवाज इतका कधी चढत नाही.

आत्याबाईंना या जबड्यातून नेले, तेव्हा दोन्ही बाजूंचे तिसरे दात त्यांच्या दोन्ही हातांना अडले आणि गाडी थांबली. आत्याबाईंनी आपले काम केले. आता दात कापायचे, हे शेंबडे पोरही सांगेल. सजावट विभागाने दात ठेवले आणि आत्याबाईंचे हात कापले.

महोदय, हे वाक्य कृपया पुन्हा वाचावे. अर्जदारालाही ते पटायला दोन दिवस लागले होते.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, अर्जदार जागेवर नसताना, प्रत्येक हातातून बावीस सें.मी. उतरवण्यात आले. उरले एकशे छत्तीस. दाताचे टोक बैठकीपासून एकशे अडतीसवर आहे. त्यामुळे आत्याबाई दोन सें.मी. राखून सुखरूप बाहेर पडल्या आणि चाचणी यशस्वी झाल्याची टाळ्या वाजवून नोंद झाली. पुढच्या फेऱ्या पूर्ण वेगाने, वाळूची पोती बसवून झाल्या. पोत्यांनी तक्रार केली नाही. पोत्यांना हात नसतात. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात. इथे तर अंगणच कापून टाकले.

अर्जदाराने जाब विचारला, तेव्हा जावईबापू म्हणाले, “एवढे लांब हात असतात का कोणाचे, बाबा?” अर्जदार त्यांच्यासमोर पूर्ण उंचीने उभा होता. एखादा उंच माणूस बसला आणि त्याने हात वर केले तर काय, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, “आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं! तुमचं सगळं जर-तरचं.” विभागातली माणसे मनापासून हसली. मिशांचा प्रश्न नव्हता, हातांचा होता. ज्या सुताराने करवत चालवली, तो तेवढा हसला नाही. तो नंतर अर्जदाराकडे आला आणि म्हणाला, “मला काप म्हणाले, मी कापलं. पण फेकायला जीव झाला नाही.” त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन तुकडे अर्जदाराच्या हाती दिले. त्या सबंध इमारतीत काय कापले गेले आहे हे कळलेला तो एकटाच इसम.

चाचणीच्या दाखल्यावर अर्जदाराने सही केली नाही. सही दुसऱ्याने केली आणि अर्जदाराची बदली ‘हरवले-सापडले’ खिडकीवर झाली. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय.

४. आपल्या कार्यालयाने आजवर काय केले, तेही नोंदवणे भाग आहे. पहिल्या अर्जात अर्जदाराने कारखान्याच्या सवयीने “आत्याबाईंचे दोन्ही हात कापण्यात आले” असे लिहिले. ही चूक अर्जदाराची, आणि ती तो मान्य करतो. बावीस दिवसांनी उत्तर आले की, सदर आत्यांचे वय, नाते सिद्ध करणारा कागद आणि वैद्यकीय दाखला जोडावा, तसेच घटनेच्या वेळी त्यांनी आसनपट्टा लावला होता काय, ते कळवावे. दोन्ही हात गेलेल्या बाईबद्दल आपल्या कार्यालयास पहिली शंका पट्ट्याची आली! दुसऱ्या अर्जात अर्जदाराने आत्याबाई लाकडी असल्याचे स्पष्ट केले. उत्तर आले की, सदर आत्या आपल्या रक्ताच्या नात्यातील नसल्याने आपणास तक्रारीचा अधिकार पोहोचत नाही. तिसऱ्या अर्जात चित्र काढून दाखवले. चित्र छान आहे, परंतु विहित नमुन्यात नाही, असे कळवण्यात आले. अर्जदार स्वतः जिना चढून आला, तेव्हा लिपिक महोदय समजुतीच्या सुरात म्हणाले, “अहो काका, नमुन्यात जखमी माणसाचा रकाना आहे. जखमी माणूस आणा, लगेच नोंदवतो.” महोदय, अर्जदाराची सगळी धडपड तो रकाना कोरा राहावा यासाठीच आहे.

५. आता जे लिहायचे आहे ते अर्ज लिहिण्याच्या रीतीत बसत नाही.

निमंत्रणपत्रिकेनुसार उद्घाटनाच्या फेरीत पहिल्या डब्याच्या पहिल्या ओळीत डावीकडे सजावट प्रमुखांच्या पत्नी बसणार आहेत. ती अर्जदाराची एकुलती एक मुलगी. आईचा चेहरा आणि बापाची उंची घेऊन आली. मागच्या शुक्रवारी अर्जदाराने जेवणाच्या टेबलाशी तिला सांगितले की, बाई गं, हात खाली ठेव. ती हसली आणि म्हणाली, “हात खाली ठेवून बसायचं तर मी घरी सोफ्यावर बसेन ना, बाबा! हात वर केल्याशिवाय उतार कळत नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला.” शिकवले होते. ती सहा वर्षांची होती, अर्जदार शेजारी बसला होता, आणि तिचे हात त्याने स्वतः धरून वर केले होते. अर्जदाराच्या पत्नी म्हणाल्या, “तो अजगर निदान जेवताना तरी आणू नका,” आणि जावईबापूंनी भात वाढून घेतला.

मग अर्जदाराने मुलीला खुर्चीतून न उठता वरच्या फडताळातला डबा काढायला सांगितले. तिने सहज काढला. सगळे झोपायला गेल्यावर नव्हे, सगळ्यांच्या देखत अर्जदाराने टेप लावून माप घेतले. बैठकीपासून एकशे चव्वेचाळीस. दात एकशे अडतीसवर. फरक सहा सें.मी. सहा सें.मी. म्हणजे बोटांची दोन पेरे. जावईबापू म्हणाले, “बाबांना आता घरही कारखानाच वाटतो.” हा जावई तिच्यावर जीव टाकतो, हे अर्जदारास मान्य आहे. त्याला फक्त दाताचे टोक आणि बायकोचा हात एकाच कागदावर मांडता येत नाहीत.

अर्जदारास भीती वाटते. चौतीस वर्षांत हा शब्द त्याने कोणत्याही सरकारी कागदावर लिहिलेला नाही.

६. पहिल्या ओळीत उजवीकडे आपण बसणार आहात. गेल्या महिन्याच्या सुनावणीत अर्जदार आपल्यासमोर चार मिनिटे उभा होता. त्या वेळी आपण खुर्चीतून न उठता मागच्या कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यातून अर्जदाराची फाईल काढली आणि न उघडता परत ठेवली. आपण चहाला गेल्यावर अर्जदाराने खुर्चीच्या बैठकीपासून त्या कप्प्यापर्यंतचे अंतर मोजले. दीडशे सें.मी. म्हणजे आपले हात अर्जदारापेक्षाही लांब आहेत. अशा हातांचा मनुष्य अर्जदाराने प्रथमच पाहिला आणि तो नेमका तपासणी अधिकारी निघाला. दाताशी फरक बारा सें.मी. पडतो. बारा सें.मी.त पंजा सगळा जात नाही, परंतु सही करायला लागणारी बोटे सगळी जातात. आता आत्याबाईंशी आपले नाते पोहोचते की नाही, ते आपणच ठरवावे.

तरी विनंती आहे की :

(अ) शनिवारी सकाळी आठ वाजता आपण स्वतः उद्यानात यावे. सुतार येण्यास तयार आहे. आत्याबाईंचे हात त्याच्याकडून आपल्यासमोर जोडून घ्यावेत आणि गाडी दोराने एकदा, फक्त एकदा, जबड्यातून न्यावी.

(आ) हात अडल्यास, दात कापावेत. पुन्हा हात कापू नयेत. हे लिहावे लागते याची अर्जदारास लाज वाटते.

(इ) वरीलपैकी काहीही आपल्या नमुन्यात बसत नसेल, तर रविवारी “हात वर” असे ऐकू येताच आपण आपले दोन्ही हात खालीच ठेवावेत आणि कृपा करून आपल्या डाव्या बाजूला बसलेल्या मुलीचेही हात घट्ट धरावेत. ती बापाचे ऐकत नाही. अधिकाऱ्याचे कदाचित ऐकेल.

अर्जदार त्या दिवशी ‘हरवले-सापडले’ खिडकीवर हजर राहील. तिथून जबडा दिसत नाही, पण ऐकू येतो.

आपला, अजूनपर्यंत नम्र,

(सही)
मार्ग-रचनाकार
(सध्याची नेमणूक : हरवले-सापडले खिडकी)

सहपत्रे :
१) आपल्या कार्यालयाच्या तीन उत्तरांच्या प्रती.
२) स्वयंपाकघरातील फडताळ व आपले कपाट यांच्या मापांचा कागद.
३) आत्याबाईंचे हात, उजवा व डावा, प्रत्येकी बावीस सें.मी., वर्तमानपत्रात गुंडाळलेले, नग दोन. (काम झाल्यावर परत करावेत. हे लाकडाचे असल्याने पुन्हा जोडता येतात.)